निळीचं पाणी

शमशेरभाईंच्या घरात पांढरा सदरा दोनदाच बाहेर निघायचा. एक ईदला आणि एक नवे फवारणी पंप तपासायच्या दिवशी. ईदच्या सदऱ्याला अत्तर लागायचं, पंपाच्या सदऱ्याला नीळ. त्या शनिवारी सकाळी सबिहानं सासऱ्यांना दोन्हीतला कुठला काढू असं विचारलं, तर ते म्हणाले, "ईदचाच काढ. आज पोरीचा माल हाय."

सुमैरानं हे स्वयंपाकघरातून ऐकलं. अब्बा रागावले की तिला उत्तर सुचायचं. कौतुकाला लागले की भीती वाटायची.

दुकानामागच्या गोडाऊनमध्ये खोकी छपरापर्यंत रचलेली होती. बुधवारी टेम्पो बंदरावरून माल घेऊन राहात्यात आला, तेव्हा सुमैरा आणि सबिहा दोघी भिंगारला होत्या, सबिहाच्या माहेरच्या लग्नात. माल उतरवून घेतला तो अब्बांनी आणि अम्मीनं. खोक्याखोक्यावर एकच नाव छापलेलं होतं, बानू. पंपाला आईचं नाव द्यायची कल्पना सुमैराची. "सगळ्या तालुक्याच्या पाठीवर माझं नाव कशाला मिरवायचं?" असं बानूबी तेव्हा म्हणाल्या होत्या, आणि त्याच संध्याकाळी शेजारच्या चार घरांत स्वतःच सांगून आल्या होत्या.

शमशेरभाईंनी सारा जन्म दुसऱ्यांचे फवारणी पंप विकले आणि दुरुस्त केले. घरचा पंप हा पहिलाच, आणि तो बनला होता चीनमधल्या एका किनाऱ्यावरच्या गावात. सुमैरा मागच्या वर्षी तिथे स्वतः जाऊन आली होती. त्यावरून घरात जे महाभारत झालं ते अजून पुरतं मिटलेलं नव्हतं. तिचा थोरला भाऊ आसिफ दुकान सांभाळायचा. त्याचं म्हणणं सरळ होतं. पुण्याची एक मोठी कंपनी एजन्सी द्यायला तयार आहे, ती घ्यावी, पंप फुटला तर कंपनी बघेल. ज्या कारखान्यातल्या माणसांची भाषा कळत नाही, त्यांच्या भरवशावर आईचं नाव कशाला लावायचं?

दोघांचं ऐकून घेऊन शमशेरभाईंनी निकाल दिला होता. "पंप आले की निळीच्या पान्याला लावू. सदरा कोरडा राहिला तर सुमैराचं खरं. निळा झाला तर माल परत, आन आसिफनं एजन्सी घ्यायची. मग पोरीनं परत हा विषय काढायचा न्हाई." सुमैरानं कबूल केलं होतं. कबूल करताना सोपं वाटलं होतं.

गोडाऊनच्या दाराशी रंभाजी येऊन बसला होता. रंभाजी रोजानं फवारणी करायचा, राहात्याच्या आसपासच्या पेरूच्या बागा त्याच्याशिवाय फवारल्या जात नसत. उद्या त्याला कल्याण नावाच्या बागायतदाराच्या बागेत जायचं होतं आणि बानू छापाचा पहिला पंप त्यालाच मिळणार होता. निळीच्या पाण्याची रीत या घरात आली तीही रंभाजीमुळेच. बऱ्याच वर्षांपूर्वी शमशेरभाईंनी विकलेला एक पंप त्याच्या पाठीवर झाकणातून गळला, औषध सदऱ्यात झिरपत राहिलं आणि कामाच्या नादात त्याला कळलं नाही. पाठीची कातडी सोलून निघाली होती. रंभाजी दवाखान्यात पालथा पडून म्हणाला होता, "शमशेरभाय, तुमचा काय दोष? कंपनीचा पंप." तेच शमशेरभाईंना सोसलं नाही. तेव्हापासून विकायचा प्रत्येक पंप निळीचं पाणी भरून आधी घरच्या माणसाच्या पाठीवर चढायचा.

"चला," शमशेरभाई म्हणाले. पुढच्या रांगेतलं खोकं त्यांनी स्वतः उचललं. टाकीत पाणी भरलं, वर निळीचा गडद द्राव ओतला, झाकण पिळून बसवलं. सुमैरानं पट्टे त्यांच्या खांद्यावर चढवले. ते गोडाऊनच्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले आणि मग पेरूच्या फांदीखालून जाताना माणूस वाकतो तसे ओणवे झाले. पेरूच्या बागेत उभ्यानं फवारणी होतच नाही, त्यामुळे खरी परीक्षा वाकण्याचीच असायची.

ते सरळ झाले. सबिहानं पदर तोंडाशी नेला. ईदच्या सदऱ्यावर मानेपासून कमरेपर्यंत निळा ओघळ उतरला होता.

"दुसरा आन," शमशेरभाई म्हणाले.

दुसराही गळला. तिसरा आसिफनं घातला, तो सगळ्यात जास्त गळला. शमशेरभाईंनी झाकण हातात घेऊन दोनतीनदा फिरवून पाहिलं. "आटेच बसत न्हाईत नीट. झाकन वाकडं बसतंय." मग त्यांनी ते खाली ठेवलं आणि हात पुसले. "मी कल्याणला सांगून येतो, उद्याचा पंप न्हाई म्हनून. फोनवर सांगनं बरं दिसत न्हाई." तसाच निळा सदरा अंगात ठेवून ते स्कूटरकडे गेले. मुलीकडे त्यांनी पाहिलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं, असं सुमैराला पुन्हा वाटलं.

*

आसिफला आनंद व्हायला हवा होता. तसा तो थोडा झालाही. पाठ ओली झाली होती, निळीचं गार पाणी पँटमध्ये उतरत होतं, आणि मनात एजन्सीचा बोर्ड दुकानावर चढत होता.

सुमैरा मात्र पंपापाशी मांडी घालून बसली. झाकण उघडून आत बोट फिरवलं आणि वायसर बाहेर काढला. झाकणाखाली पाणी अडवणारी ती साधी रबराची चकती. ती तिनं सबिहापुढे धरली.

"भाभी, हे बघ. काळा आहे."

"मग?" सबिहा म्हणाली.

"सॅम्पलमध्ये पांढरा होता. पातळ, मऊ. हा बघ केवढा जाड. लिननं मला फसवलं."

लिन ही त्या कारखान्यात माल तपासणाऱ्यांची मुख्य. घरात हे नाव सगळ्यांना पाठ होतं, कारण सुमैरा वर्षभर दुसरं काही बोललीच नव्हती. तिथे तिनं तीन कारखाने पाहिले होते. दोन ठिकाणी ती म्हणेल त्याला हो म्हणत होते. तिसरीकडे तिनं किंमत कमी करायला स्वस्तातला वायसर घाला म्हटलं, तर लिननं मान हलवली आणि फोनमधल्या दुभाष्याकडून सांगितलं, मग तुम्ही दुसरीकडून घ्या. सुमैरानं त्याच क्षणी तिथला माल ठरवला. जी बाई गिऱ्हाईक गेलं तरी चालेल म्हणते, ती खोटं करणार नाही, असा तिचा हिशेब. वायसर मला विचारल्याशिवाय बदलायचा नाही, एवढं एकच वचन तिनं लिनकडून घेतलं होतं.

आता तिनं त्या काळ्या वायसरचा फोटो काढला, जमिनीवर सांडलेल्या निळ्या पाण्याचा काढला, आसिफला पाठ फिरवायला लावून त्याच्या सदऱ्याचा काढला आणि खाली लिहिलं, 'तुम्ही वायसर बदलला. मला विचारलं नाही. आमच्याकडे हे औषध माणसाच्या पाठीवर सांडतं. मी तुमच्यावर विश्वास ठेवला होता.' तिनं पाठवलं आणि वायसर आसिफच्या हातात ठेवला. "घे भाईजान. जिंकलास तू."

आसिफनं वायसर हातात घेतला आणि त्याला तो ओळखीचा वाटला. त्यानं तो उजेडात धरला. कड किंचित तिरकी कापलेली होती, शमशेरभाईंची सुरी डावीकडे झुकायची तशी. आणि रबर तर त्यानं स्वतः आणलं होतं. पंधरवड्यापूर्वी अब्बांनी त्याला श्रीरामपूरला पाठवून मुद्दाम नवी शीट आणायला लावली होती. नेहमी ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबमधून कापायचे. यंदा म्हणाले, चांगल्यातली चांगली आण. कशाला ते आसिफनं विचारलं नव्हतं. दुरुस्तीला लागत असेल असं त्याला वाटलं होतं.

म्हणजे अब्बांनी खोकी उघडून वायसर बदलले होते. दुकानाची जुनी खोडच होती ती. कुठल्याही कंपनीचा पंप आला की पहिलं काम, कंपनीचा भिकार वायसर काढायचा आणि आपला जाड घालायचा. आसिफनं लहानपणापासून हजारदा पाहिलं होतं. पण त्या जुन्या पंपांची झाकणं सैल असायची, जाड वायसर त्यांना लागायचाच. या पंपाचं झाकण नेमकं बसणारं होतं. जाड वायसर घातल्यावर ते शेवटच्या आट्यापर्यंत जाणार कसं?

हे सगळं त्याच्या ध्यानात आलं आणि तो गप्प बसला.

गप्प बसायला त्याच्याकडे कारणं होती. रंभाजीसमोर अब्बांची चूक कशी सांगायची, हे एक. पण ते खरं कारण नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं. त्यानं वायसर खिशात घातला. सबिहा त्याच्याकडेच बघत होती. लग्नाला बारा वर्षं झालेल्या बायकोपासून माणसाला चेहरा लपवता येत नाही.

"काय झालं वो?" तिनं हळूच विचारलं.

"कुठं काय."

"मग खिशात काय घातलंत?"

तेवढ्यात सुमैराचा फोन वाजला. लिनचं उत्तर आलं होतं. सुमैरानं ते मराठीत फिरवून मोठ्यानं वाचलं, बहुधा स्वतःलाच राग आणण्यासाठी. 'फोटो पाहिले. मला थोडा वेळ द्या. आमच्याकडून चूक झाली असेल तर ती माझ्या विभागाची आहे, मी मालकांना तसं सांगितलं आहे. दुसऱ्या गिऱ्हाईकाचा माल आज निघत होता, तोही मी थांबवला. मी आता सगळी शिल्लक उघडून बघते. त्या माणसाच्या पाठीला लागलं का?'

सुमैरा वाचायची थांबली. रंभाजी दारातून म्हणाला, "बाई बरी वाटती. आधी पाठीचं इचारलं."

आसिफनं खिशात हात घातला. त्याच्या डोळ्यांपुढे एक न पाहिलेली बाई आली, जी या घडीला मालकापुढे उभी राहून माझी चूक म्हणत होती. तिनं उलट प्रश्न केला असता, भांडली असती, तर आसिफ गप्प राहू शकला असता. पण ती भांडली नव्हती.

"सुमे," तो म्हणाला, "तो वायसर चीनचा न्हाई. श्रीरामपूरचा हाय."

*

बानूबी चहाची किटली घेऊन आल्या तेव्हा गोडाऊनमध्ये भावाबहिणीची जुंपली होती. सुमैरा म्हणत होती, मेसेज पाठवायच्या आधी का नाही बोललास. आसिफ म्हणत होता, तू पाठवलास तेव्हा मला कळलं नव्हतं. आणि सबिहा म्हणत होती, कळल्यावर तरी खिशात का घातलात. नवऱ्याची बाजू सोडून सबिहा नणंदेकडे गेली, हे बानूबींनी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी किटली खाली ठेवली.

"अम्मी, तुम्ही या पंपांचे वायसर बदलले?" सुमैरानं विचारलं.

"बदलले की," बानूबी म्हणाल्या. "तू भिंगारला गेल्तीस तवा. आसिफ म्होरं दुकानात हुता. पुढच्या दोन रांगा झाल्या, मग तुझ्या अब्बांचा खांदा भरून आला. मागच्या ऱ्हायल्यात."

"मला सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं त्यात?" बानूबींना खरंच कळेना. "भात टाकला की तांदूळ धुतले म्हनून सांगत फिरते का मी?"

सुमैरा हसली का रडली ते बानूबींना नीट कळलं नाही. मग आसिफनं वायसर दाखवून सगळं समजावलं आणि बानूबी एका खोक्यावर बसल्या. नवऱ्याबरोबर दोन दुपारी त्या या कामाला बसल्या होत्या. शमशेरभाई वायसर काढायचे, त्या नवा बसवायच्या, चिकटपट्टी पुन्हा सारखी लावायच्या. मध्येच शमशेरभाई म्हणाले होते, असं झाकन म्या कधी बघितलं न्हाई बानू, पोरीनं माल झकास निवडलाय. आणि असं म्हणत म्हणतच त्यांनी तो झकास माल बिघडवला होता. त्यांच्या हाताला हात लावून बानूबींनीही.

"आता त्यांला कोन सांगनार?" आसिफ म्हणाला.

"मी सांगते. मी बसले होते ना संगं," बानूबी म्हणाल्या. "तुमी कोनी मधी तोंड घालू नका."

स्कूटर आली. शमशेरभाई आत आले, सगळ्यांचे चेहरे पाहून थबकले. कल्याण काय म्हणाला ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं होतं, पण बानूबींनी वाटच पाहिली नाही.

"ऐका. पंप चांगले हायेत. आपन वायसर बदलले, त्यानं गळाले."

"काय बोलती?"

"जाड वायसरनं झाकन वर ऱ्हातंय. तुमीच म्हनले ना, वाकडं बसतंय म्हनून."

शमशेरभाई वळले. ते मागच्या रांगेकडे गेले, हात न लावलेलं एक खोकं ओढलं, उघडलं. झाकण फिरवलं. ते शेवटपर्यंत गेलं आणि कट्कन बसलं. तो आवाज ऐकून त्यांनी डोळे मिटले. चाळीस वर्षं पंप हाताळलेल्या माणसाला पुढचं समजायला पाणी भरायची गरज नव्हती. तरी त्यांनी भरलं.

"सबिहा, सदरा दे दुसरा."

"ईदचा एकच होता अब्बा. पंपाचा घरून आणते."

"कशाला? माझा घ्या," म्हणत रंभाजी उठला. त्याच्या अंगात स्वच्छ धुतलेला पांढरा बनियन होता. "उद्या मलाच घालायचाय. आजच घालतो."

"न्हाई रंभाजी. आधी घरचं मानूस."

"शमशेरभाय, आता किती दिवस बाहेरचा ठेवनार मला?" रंभाजी हसत म्हणाला आणि पट्ट्यांत हात घातले. शमशेरभाईंना नाही म्हणता आलं नाही. तो चालला, वाकला, इतका वाकला की कुठल्याच पेरूच्या झाडाखाली तेवढं वाकायला लागलं नसतं. वर त्यानं गुडघ्यावर बसून, हलून, उड्या मारून पाहिलं. बानूबी म्हणाल्या, "आता काय नाचतो का रंभाजी?" मग त्यानं पाठ फिरवली.

बनियन पांढराच होता. वर, काखेपाशी, जुन्या जखमेची सुरकुतलेली कातडी दिसत होती, आणि तीही कोरडी होती.

मागच्या रांगेतले पंप मग एकामागून एक सगळ्यांच्या पाठीवर चढले, आसिफच्या, सबिहाच्या, सुमैराच्या. सबिहानं साडीवर पंप चढवला तेव्हा बानूबींनाही राहवलं नाही. स्वतःच्या नावाचा पंप स्वतःच्या पाठीवर घालून त्या गोडाऊनभर फिरल्या आणि वाकताना, "या कंबरेला पंपापेक्षा जास्त वायसर लागत्याल," म्हणाल्या. कुणाचीच पाठ ओली झाली नाही.

"पन पुढच्या दोन रांगांचं काय?" आसिफनं विचारलं. "पांढरे वायसर फेकले असतील ना?"

"फेकते कशाला? चांगले हुते," बानूबी म्हणाल्या. "पिठाच्या डब्यात घालून ठेवलेत. दोन तेवढे लोनच्याच्या बरन्यांला लावलेत. लई घट्ट बसत्यात."

यावर शमशेरभाई सोडून सगळे हसले, आणि आसिफ डबा आणायला घरी पळाला.

*

शमशेरभाई खोक्यांच्या आडोशाला खुर्ची टाकून बसले होते. सुमैरा त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. निळा सदरा एव्हाना अंगावरच वाळला होता.

"अब्बा, तुमचा माझ्यावर विश्वास नव्हता का?"

"तुझ्यावर हुता."

"मग लिनवर नव्हता."

"तिला म्या बघितलं का कधी?" ते म्हणाले. थोडा वेळ त्यांनी खांदा चोळला. "खरं सांगू? माल लई चांगला हुता. म्हनूनच भ्यालो. चुकून एखादा गळाला तर आसिफ म्हननार, बघा, पोरीनं केलं. समदा बाजार म्हननार. म्हटलं, आपल्या हातचा वायसर टाकावा. आपल्या वायसरनं आजवर दगा दिला न्हाई. तुझं नाव ऱ्हाईल."

"मग मला विचारायचं होतं."

"इचारलं असतं तर तुला वाटलं असतं, अब्बांला भरवसा न्हाई."

सुमैराला हसू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. ज्या बाईनं तिला विचारल्याशिवाय वायसर बदलणार नाही असं वचन दिलं, तिनं ते पाळलं होतं. वायसर बदलला तो घरच्या माणसानं, न विचारता, मायेपोटी.

"अब्बा, मी लिनला फार वाईट लिहिलं. तिनं मालकाला सांगितलं, माझी चूक. दुसऱ्याचा माल थांबवला माझ्यासाठी. मी आता सॉरी लिहिते, पण तिच्या मालकाला खरं वाटेल का? त्याला वाटेल ती बाईच सावरून घेतेय."

शमशेरभाई उठले. "मग माझा फोटो काढ."

"कशाला?"

"फोटो न्हाई, ते हलतं ते काढ. व्हिडिओ. मी बोलतो."

"अब्बा, तुम्ही मराठीत बोलणार, ते तिला..."

"तुझा दुभाष्या हाय ना फोनमधी? त्याला लाव कामाला."

आयुष्यभरात शमशेरभाईंनी माझी चूक असं कुणासमोर म्हटलेलं या घरात कुणाला आठवत नव्हतं. बानूबींना तर मुळीच नाही, आणि त्यांना पुष्कळ प्रसंग आठवत होते. डबा घेऊन परतलेला आसिफ दारातच उभा राहिला. शमशेरभाईंनी टोपी नीट केली, एका हातात काळा वायसर आणि दुसऱ्या हातात डब्यातला पांढरा घेतला, आणि फोनसमोर उभे राहिले.

"मालक, नमस्कार. मी शमशेर. राहाता, जिल्हा नगर. तुमच्या कारखान्याचा माल चांगला हाय. हा पांढरा वायसर तुमचा, बरोबर हुता. हा काळा मी घातला. कोनाला न इचारता घातला. त्याच्यानं पंप गळाला." मग ते वळले आणि वाळलेली निळी पाठ त्यांनी कॅमेऱ्याला दाखवली. पुन्हा समोर झाले. "ही चूक माझी हाय. तुमच्या त्या बाईची न्हाई. ती बाई खरी हाय. तिला कोनी काय बोललं असंल तर माघारी घ्या. बस."

सुमैरानं व्हिडिओ पाठवला. खाली तिनं दुभाष्याकडून सगळं पुन्हा लिहून घेतलं, आणि शेवटी स्वतःचं एक वाक्य जोडलं, 'मी आधी तुम्हाला विचारायला हवं होतं.'

मग सगळे वायसर बदलायला बसले. जुना काढायचा, पांढरा घालायचा, झाकण फिरवून तो कट् आवाज ऐकायचा. आसिफ शमशेरभाईंच्या शेजारी बसला होता. "एजन्सीवाल्यांचा फोन आला तर काय सांगू?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"तू सांग. काय सांगावंसं वाटतं?"

"म्हनतो, आमच्याकडं घरचा पंप हाय." आणि थोड्या वेळानं, "सुमे, पुढच्या वेळी तिकडं जाशील तवा मी येतो संगं. त्या बाईला भेटायचंय मला."

"कशाला?"

"उगं," आसिफ म्हणाला. सबिहानं त्याच्याकडे पाहिलं, पण आता तिनं काही विचारलं नाही.

रंभाजी त्याचा पंप खांद्याला लावून, उद्याचं काम ठरल्याप्रमाणेच होईल हे कल्याणला सांगायला निघून गेला होता. ऊन गोडाऊनच्या दारातून आत आलं होतं. सुमैराचा फोन वाजला तेव्हा सगळ्यांचे हात थांबले.

तिनं आधी मनातल्या मनात वाचलं. बानूबी म्हणाल्या, "अगं मोठ्यानं वाच की. आमी काय परके हाय का?"

सुमैरानं वाचलं. 'मालकांनी व्हिडिओ दोनदा पाहिला. मग माझ्या विभागातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला. थांबवलेला माल आता निघाला. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार. मला खूप बरं वाटलं. दुपारचं जेवण राहून गेलं होतं, आता मी जेवायला जाते.'

पुढे काही नव्हतं. शमशेरभाई हातातल्या झाकणाकडे बघत राहिले. बानूबींना वाटलं त्यांचा खांदा दुखतोय, म्हणून त्या काही म्हणणार, तेवढ्यात त्यांनी मान वर केली.

"उपाशी ऱ्हायली व्हय पोर," ते म्हणाले. "जेवून आली की इचार तिला, काय जेवली ते."